शिडी निशाणीचा उमेदवार

विठू घाड्याच्या अंगणात जळाऊ लाकडं आधी आली, रडणारी माणसं मागाहून.

जॉइंट मामलेदार प्रभावती केरकर जीपमधून उतरल्या तेव्हा लाकडांचा टेम्पो अर्धा रिकामा झाला होता. तिरडीचे बांबू पडवीला टेकून उभे होते. शेजारच्या चार बायका आता कुठे मळ्यातून धावत येत होत्या, हातापायांना अजून भाताच्या काड्या चिकटलेल्या. घरात मयत आणि अंगणात एवढी तयारी. प्रभावतीबाईंच्या पेडण्याच्या गावी मयताची लाकडं जमवायला सगळा वाडा लागायचा.

फोन आला होता तो भिकाजी तळवणेकरांचा. ते खाण ट्रकमालक मंडळाचे अध्यक्ष. तालुक्यात लोहखनिज वाहणारा एकही ट्रक त्यांच्या शब्दाबाहेर धावत नसे. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "बाई, शिडी निशाणीचा विठू गेला. छातीचा आजार जुनाच. डॉक्टरांनी दाखलाही दिलाय. तुम्ही आता मतदानाचं काय ते बघा."

मतदान येत्या रविवारी होतं. गोवा मुक्त होऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि इथला आमदार हृदयविकाराने गेल्यामुळे एका जागेची पोटनिवडणूक लागली होती. रिंगणात तिघे होते. पहिला मंडळाचा माणूस. दुसरा कारापूरचा सखाराम मळीक, ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरून भाताचं पीक बुडालं होतं. आणि तिसरा अपक्ष विठू घाडी, जन्मभर खाणीवर खनिज भरून छाती गमावलेला. भांडण एका रस्त्याचं होतं. खाणीपासून बंदरापर्यंत ट्रकांसाठी नवा रस्ता शेतांतून न्यायचा होता. त्याचा ठराव पुढच्या महिन्यातल्या अधिवेशनात यायचा होता आणि सभागृहात एकेका हाताची मारामार होती.

कायदा तेव्हा साधा होता. मतदानाआधी रिंगणातला कुठलाही उमेदवार मेला, मग तो कुणी का असेना, की मतदान रद्द. पुन्हा पहिल्यापासून अर्ज आणि नवी तारीख.

कचेरीची जीप बिघडलेली, म्हणून त्या बाबलीच्या भाड्याच्या जीपने आल्या होत्या. वाटेत ट्रकांच्या रांगेमागे अडकून पडल्यावर त्यांनी बाबलीला सहज विचारलं, तुझी गाडी तर मंडळाने निवडणुकीसाठी धरली होती ना? बाबलीने काच वर केली. धूळ आत येतच राहिली. मंडळाने कालच सगळ्या जीपगाड्या सोडल्या, म्हणाला तो. आता रविवारी सरकारला हव्या तर घ्या. प्रभावतीबाईंना बरंच वाटलं, मतपेट्या न्यायला गाड्या कमीच पडत होत्या. पुढे 'पद्मावती' नावाचा ट्रक होता, त्याच्या पुढेही 'पद्मावती', आणि वळणावर तिसराही तोच. देवीवर भक्ती असावी कुणाची तरी, असं मनात येऊन गेलं.

घरात खाटेवर विठू निजल्यासारखा पडला होता. त्याच्याकडे बघून प्रभावतीबाई थबकल्या.

अर्जांची छाननी झाली त्या दिवशी या माणसाला दोघांनी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवून कदेलासकट उचलून कचेरीत आणलं होतं. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे खोल, सहीसाठी हात धरावा लागला होता. आणि आज हे गाल भरलेले. दंडावर मांस होतं. नखं कापलेली होती आणि दाढीही नुकतीच केलेली दिसत होती.

उशाशी औषधाची बाटली होती. भिंतीवरून मुंग्यांची रांग तिच्या बुचापर्यंत चढली होती. त्यांनी गोधडीचं टोक उचललं. घडीत कापसाचा एक छोटा बोळा होता. नाकाशी नेला तर स्पिरिटचा उग्र वास आला. रुमालात गुंडाळून त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

डॉक्टर शिवदास दारातच उभे होते. बाजारात त्यांचा दवाखाना, विठूचा इलाज मंडळातर्फे तेच करत.

"शेवटचं कधी पाहिलंत त्याला?"

"अर्ज भरला त्या दिवशी. तेव्हाच काही उरलं नव्हतं. त्यानंतर औषध माणसाहाती पाठवत होतो."

"इंजेक्शन वगैरे?"

"सुई टोचायला अंगात मांस कुठे होतं, मॅडम?" डॉक्टर दुःखाने म्हणाले.

"मग आज दाखला कशावर दिलात?"

"बातमी कळताच आलो. असा रुग्ण कशाने जातो ते सांगायला फार शिकावं लागत नाही."

कोपऱ्यात विठूची बायको जानकी भिंतीला टेकून बसली होती. ती सकाळपासून कुणाच्या तरी मळ्यात कापणीला होती. उन्हं कलताना परत आली तर हा गार पडलेला. बाईंनी दोन-तीनदा विचारलं, पण तिने डॉक्टरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

प्रभावतीबाई अंगणात आल्या आणि म्हणाल्या की पंचनामा होईल, शवचिकित्सा होईल, तोवर मयत हलणार नाही. भिकाजी हात जोडून म्हणाले, गरिबाच्या मयताची विटंबना कशाला? त्यांच्या मागचे लोक कुरकुरले. बाईंनी टेम्पोवाल्याला विचारलं की लाकडं कधी सांगितली होती. तो भिकाजींकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी उपनिरीक्षक दत्ताराम सालेलकरांनी सखाराम मळीकला उचललं.

सालेलकर वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला हातात आलेली गोष्ट सोडवत नसे. विठू म्हणजे सखारामची मतं फोडायला उभा केलेला माणूस. खाणकामगार आणि सिंधुदुर्गातून आलेले हमाल शिडीवर शिक्का मारणार, म्हणजे नुकसान सखारामचंच. आणि सोमवारी सखाराम त्याच्या घरी जाऊन भांडलाही होता. भिकाजींनीच ते सांगितलं होतं. बाजारात तर सखारामने विष घातलं असंच लोक बोलू लागले होते.

प्रभावतीबाईंनी सखारामला ठाण्यातच विचारलं.

"भांडलास?"

"भांडलो. म्हटलं, विठू, तुझ्या छातीत त्यांचीच धूळ, आणि त्यांच्यासाठीच उभा राहतोस?"

"तो काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, उभं राहिल्यापासून दोन वेळ जेवायला मिळतं, औषध मिळतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं."

"तुझी मतं खाल्ली असती त्याने?"

सखाराम म्हणाला, "कशी खाणार? त्याचं नाव कुणाला ठाऊक होतं? एक भित्तिपत्रक नाही, एक सभा नाही. आमच्या गावचा एक म्हातारा मंडळाच्या ट्रकाखाली मेला, तेव्हापासून कारापुरात त्यांना कुणी उंबऱ्यात उभं करत नाही. मी जिंकत होतो, बाई. मतदान पुढे गेलं तर माझा काय फायदा?"

बाई उठल्या. मतं फोडायला उभा केलेला माणूस, आणि त्याचं नाव मतदारापर्यंत पोचवायची कुणालाच घाई नाही. ते मनातून जाईना.

दुपारी सरकारी इस्पितळातून प्राथमिक अहवाल तोंडी कळला. फुफ्फुसं जुनी पोखरलेली होती खरी, पण जखमा सुकत आल्या होत्या. या माणसाने आणखी बरीच वर्षं काढली असती. हृदय एकाएकी थांबलं होतं. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईची ताजी खूण होती. रक्त तपासणीला पाठवलं होतं.

त्या एकट्याच जानकीकडे गेल्या. अंगणातली लाकडं कुणीतरी परत नेली होती. जानकीने चटई टाकली, पण स्वतः जमिनीवरच बसली. प्रभावतीबाईही चटई सोडून तिच्यासमोर बसल्या.

"तो बरा होत होता, हे तू मला काल का सांगितलं नाहीस?"

जानकी बोलायला लागली ती थांबली नाही. डॉक्टरांच्या बाटलीने खोकला तसूभर कमी होईना. छाननीच्या दिवशी कदेलावरून परत आणलं तेव्हा ती मनातून हादरली. दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता ती त्याला बसने वाळपईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथे क्षयाच्या गोळ्या मिळाल्या. फक्त गोळ्या, सुई कधी नाही. मंडळाने डॉक्टर दिलेला, जेवण दिलेलं. दुसरीकडे गेलो म्हणून ते रागावतील, सगळं बंद करतील, ही भीती. म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा.

"त्याला काय सांगितलंस?"

"डाक्टरांनीच गोळये धाडल्यानी म्हणान सांगलंय."

तो खाऊ लागला, बसू लागला, अंगणात फिरू लागला. आणि सोमवारी संध्याकाळी, सखाराम भांडून गेल्यावर, त्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाला, जरा बाजारात जाऊन येतो.

"खंय गेलो?" प्रभावतीबाई नकळत तिच्याच बोलीत विचारत्या झाल्या.

"डाक्टरांच्या पाया पडूक." जानकीने पदर तोंडाशी धरला. "म्हणालो, माका ह्या देवान जितो केल्यान. चलत गेलो बाई, तेचा दवाखाना गच्च भरलेला. तेंच्या तांबड्या गोळयांचे उपकार सगळ्यांसमोर सांगल्यान. घराक येवन माका सगळा सांगी होतो. डाक्टर म्हणालो, मी येतंय घराकडे, ताकदीचा विंजेक्शन देतंय."

"आणि तू?"

"मी काय सांगू? गोळये खंयच्ये ता सांगूक होया होता. नाय सांगलंय."

शुक्रवारी चौकशी मामलेदार कचेरीतच ठेवली. सालेलकर, भिकाजी, डॉक्टर शिवदास, सखाराम आणि जानकी एवढेच होते. भिकाजी अगदी शांत बसले होते. मतदान रद्द झाल्याची नोटीस आदल्या दिवशीच बाहेर लागली होती आणि तिच्या प्रतीवर सही प्रभावतीबाईंचीच होती.

"डॉक्टर, पुन्हा एकदा विचारते. अर्ज भरल्याच्या दिवसानंतर तुम्ही विठूला पाहिलं नाहीत?"

"नाही."

"त्याला काय औषध देत होतात?"

"छातीचं. बाटली तुम्ही पाहिलीत."

"त्यात साखरेचा पाक आणि रंग आहे. मुंग्यांना आधी कळलं, मग तपासनिसाला. पण तरी तो बरा होत होता. इस्पितळ म्हणतं, तो मेला नसता."

डॉक्टरांनी खांदे उडवले. "इस्पितळाला काय कळतं? या लोकांना कुठलंही औषध कुणाचंही घ्यायची सवय. त्या तांबड्या गोळ्या खात होता, त्यांनीच घात केला असेल. त्या हृदयाला सोसत नाहीत."

बाहेर शिपायाने झाडू थांबवला.

"कुठल्या तांबड्या गोळ्या?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी जानकीकडे पाहिलं.

"तिने तुम्हाला सांगितलं नाही. तिने मला सांगितलं, आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही. अर्ज भरल्याच्या दिवशी गोळ्या नव्हत्याच, त्या छाननीनंतर वाळपईहून आल्या. मग त्यांचा रंग तुम्हाला कुणी सांगितला?"

सालेलकर खुर्चीतून सावकाश उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला विठूनेच सांगितलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी, भरल्या दवाखान्यात, तुमच्या पायांवर डोकं ठेवून. बसलेले रुग्ण ते सांगतील, त्यांना लपवण्यासारखं काही नाही. तिथे तुम्हाला कळलं की हा माणूस मरत नाहीये."

मग त्या सालेलकरकडे वळून बोलू लागल्या, जणू बाकीचे तिथे नव्हतेच.

"आपण सगळे समजत होतो की विठूला मतं फोडायला उभा केला. पण मतं फोडणाऱ्याचं नाव गावभर करावं लागतं, आणि याचं नाव कुणी घेतलंच नाही. मतांसाठी नव्हे, मरण्यासाठी उभा केला होता तो. मंडळाला आपला माणूस पडणार हे अर्ज भरण्याआधीच कळलं होतं. म्हातारा ट्रकाखाली गेला आणि गावं उलटली. निवडणूक जिंकता येत नसेल तर ती होऊ द्यायची नाही. अधिवेशनात रस्त्याचा ठराव येईल तेव्हा सखारामचा हात सभागृहात असता कामा नये, एवढंच हवं होतं. त्यासाठी एक असा उमेदवार हवा, जो अर्ज मागे घ्यायची मुदत संपेपर्यंत जगेल आणि मतदानाआधी मरेल. असा माणूस कोण शोधून देईल? तालुक्यातल्या सगळ्या छात्या ज्याने तपासल्या आहेत तोच. म्हणून त्याला मंडळाचं जेवण मिळालं, मुदत गाठेपर्यंत तग धरावा म्हणून. आणि औषध म्हणून पाक, बरा होऊ नये म्हणून. त्याच्या बायकोने हिशेब बिघडवला. उरलेलं काम डॉक्टरांनी सुईने केलं. जानकी कापणीला गेली असताना हे घरी गेले. ट्रकांच्या आवाजात यांची स्कूटर कुणाला ऐकू येणार? विठूने आनंदाने हात पुढे केला असेल. ताकदीचं इंजेक्शन ना ते."

त्यांनी रुमाल उघडून कापसाचा बोळा मेजावर ठेवला.

"सुई टोचायला मांस नव्हतं म्हणालात. त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मला दिसलं की होतं. मयत समोर असताना तुम्हालाही ते दिसत होतं, तरी तसं बोललात, कारण सुईचा विषयच नको होता."

"डॉक्टरांना काय पडलं होतं रस्त्याचं?" सालेलकरने विचारलं. तो अजून दाराशीच होता.

"पत्नीचं नाव काय तुमच्या, डॉक्टर?"

डॉक्टर शिवदास म्हणाले, "पद्मावती."

"मी त्या नावाला देवी समजले होते," बाई म्हणाल्या. "आज नोंदणी मागवून पाहिली, ते सगळे ट्रक यांचे आहेत. बायकोच्या नावावर."

मग भिकाजी खाकरले. मऊ आवाजात म्हणाले, हे भयंकर आहे, मंडळाला याची कल्पना नव्हती, मंडळाने तर माणुसकीने एका आजारी कामगाराला मदत केली.

"मतदान रविवारी होतं," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही जीपगाड्या मंगळवारीच सोडल्यात. विठू बुधवारी मेला. रविवारी गाड्या लागणार नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डिझेल परवडत नव्हतं, बाई. मी काटकसरी माणूस. तालुक्यात कुणालाही विचारा." ते किंचित हसले. "काटकसरीला फाशी होत नाही."

खरंच होत नव्हती. डॉक्टरांनी जबाबात सगळं स्वतःवर घेतलं. भिकाजींचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. टेम्पोवाल्याला लाकडांची वेळ शेवटपर्यंत आठवली नाही. पोलिसांनी डॉक्टरांना जीपमध्ये घातलं तेव्हा त्यांच्या दवाखान्यासमोर रुग्णांची रांग होती आणि आत बसलेली एक म्हातारी विचारत होती, डॉक्टर कधी येणार?

जानकी कचेरीतच थांबली. सगळे गेल्यावर तिने विचारलं, आता रविवारी मत होईल ना? खुनी सापडला ना?

प्रभावतीबाईंनी तिला सांगायचा प्रयत्न केला. उमेदवार कशाने मेला हे कायदा विचारत नाही. मेला एवढंच पुरतं. नोटीस मागे घेता येत नाही.

"म्हणजे तेंचा काम जाला," जानकी म्हणाली.

"होय."

"आमी सांगलांव कोणी मारल्यान ता, तरी जाला."

"होय."

तिने मान हलवली. भाजीचा भाव कळल्यावर हलवावी तशी.

अधिवेशनात रस्त्याचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. त्या जागेची खुर्ची रिकामी होती. मळे संपादित झाले, सखारामचा आधी. फेरमतदान पावसाळा उलटल्यावर लागलं. सखाराम मळीक कारापुरात, शिरगावात, सगळीकडे भरघोस मतं मिळवून निवडून आला. पण तोवर नवा रस्ता पुरा झाला होता.

त्या मतदानाच्या दिवशी प्रभावतीबाई केंद्रांवर फेरी मारत होत्या. मतदारांची रांग नव्या रस्त्याच्या कडेनेच लागली होती. ट्रक आला की रांग गटारात उतरायची आणि तो गेला की पुन्हा वर चढायची. ट्रकवाले भोंगा वाजवतही नव्हते.

जानकी रांगेत होती. बाईंना बघून तिने पुढे येऊन हात जोडले. मग जरा जवळ सरकून हळूच विचारलं, अगदी खरोखर माहिती हवी असल्यासारखं.

"बाई, आज सगळे उमेदवार जिते आसत मा?"

प्रभावतीबाईंनी सांगितलं की आहेत.

जानकी परत रांगेत गेली. तिची जागा मागच्या बाईने राखली होती. पुढे एक ट्रक येत होता. सगळ्यांबरोबर तीही गटारात उतरली.